एक किलो म्हणजे नेमके किती?

कायद्यात आकडा आला की प्रशासनाला बरे वाटते. आकड्याला जात नसते, ओळख नसते, शिफारस नसते. अमुक इतक्या वजनाखाली ही शिक्षा, त्यावर ती शिक्षा, असे एकदा लिहून ठेवले की निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव उरत नाही, अशी आपली समजूत असते. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु आकडा ज्या वस्तूला लावायचा ती वस्तूच जर दर दिवशी, दर ऋतूत आपले वजन बदलत असेल, तर आकड्याचा निःपक्षपातीपणा कागदावरच राहतो. गांजाच्या बाबतीत आपल्या देशात नेमके हेच झाले आहे, आणि त्याची किंमत कोणाच्या तरी आयुष्यातील दहा वर्षे इतकी असू शकते. म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडतो. मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत.

प्रथम कायदा पाहू. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे बोलीभाषेतला एन.डी.पी.एस. कायदा. २००१ साली यात मोठी सुधारणा झाली आणि शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडली गेली. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेने प्रत्येक पदार्थाचे अल्प प्रमाण आणि व्यापारी प्रमाण ठरवून दिले. गांजासाठी ते अनुक्रमे १ किलो आणि २० किलो आहे. अल्प प्रमाण असेल तर कमाल एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दोहोंच्या मध्ये असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वीस किलोच्या वर गेले की किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, आणि किमान एक लाख रुपये दंड. शिवाय कलम ३७ प्रमाणे जामीन मिळणे जवळजवळ अशक्य होते, कारण आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार आहे, याबद्दल न्यायालयाचे आधीच समाधान व्हावे लागते. म्हणजे १९ किलो ९०० ग्रॅम आणि २० किलो १०० ग्रॅम यांच्यातील दोनशे ग्रॅमचे अंतर हे प्रत्यक्षात वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासाचे अंतर आहे.

अर्थशास्त्रात आम्ही याला उंबरठ्याचा प्रश्न म्हणतो. जिथे एखाद्या मापाच्या सूक्ष्म फरकाने परिणाम एकदम उडी घेतो, तिथे मापाची अचूकता ही तांत्रिक बाब राहत नाही, ती न्यायाची बाब होते. प्राप्तिकराचे उदाहरण घ्या. उत्पन्न एका रुपयाने वाढले तर फक्त त्या रुपयावर वाढीव दराने कर लागतो. म्हणून तिथे एका रुपयाची चूक झाली तरी कोणाचे घर बसत नाही. गांजाच्या वजनाचे तसे नाही.

आता वनस्पतीकडे वळू. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळावर आलेले शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने कायदेशीररीत्या चालतात. ताज्या कापलेल्या शेंड्यात वजनाने साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असते. नीट वाळवलेल्या मालात ते १० ते १२ टक्क्यांवर येते. म्हणजे चार-पाच किलो ओल्या मालाचा एक किलो कोरडा माल होतो. आपल्याकडे हळद, मिरची, बेदाणे करणाऱ्या कोणत्याही घराला हे गणित नव्याने सांगण्याची गरज नाही.

वाळवणीचे शास्त्र तापमान आणि सापेक्ष आर्द्रता या दोन गोष्टींवर उभे आहे. हवा जितकी उष्ण तितकी ती अधिक बाष्प धरू शकते. हवा जितकी कोरडी तितके झाडातील पाणी वेगाने बाहेर पडते. मात्र वेग फार झाला तर बाहेरचा थर कडक होतो आणि गाभा ओला राहतो. बोटाला कोरडा वाटणारा माल दोन दिवस पोत्यात ठेवला की पुन्हा दमट होतो. उष्णतेने सुवासिक तेले उडून जातात आणि मुख्य द्रव्यातही रासायनिक बदल होतात. उलट हवा दमट आणि कोंडलेली असेल तर बुरशी धरते. ज्या देशांत परवानाधारक उत्पादक आहेत, तेथे सर्वसाधारणपणे १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखून, हवा हलती ठेवून, अंधारात एक ते दोन आठवडे माल वाळवतात. शेवटी मोजली जाते ती मालातील पाण्याची क्रियाशीलता, म्हणजे बुरशीला वापरता येईल असे किती पाणी शिल्लक आहे त्याचे माप. ते ०.५५ ते ०.६५ च्या दरम्यान असावे असा संकेत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाळलेला मालही स्थिर नसतो. तो भोवतालच्या हवेशी सतत देवघेव करीत असतो. दिल्लीच्या मे महिन्यात तो आणखी पाणी गमावतो, कोकणातल्या आषाढात तेच पाणी परत पितो. पापड आणि लोणच्याचे मीठ ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

आता साधे अंकगणित करू. समजा, एका माणसाकडून अर्धवट वाळलेला २५ किलो गांजा जप्त झाला आणि त्यात ३० टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा अंश साडेसतरा किलो. हाच माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळला की त्याचे वजन सुमारे १९ किलो ९०० ग्रॅम भरेल. जप्तीच्या दिवशी तो व्यापारी प्रमाणात होता, तीन आठवड्यांनी तो व्यापारी प्रमाणात नाही. आता दुसरे उदाहरण. बरोबर २० किलो माल, ओलावा १२ टक्के. कोरड्या हवेच्या शहरात ओलावा ६ टक्क्यांवर आला तर वजन होईल १८ किलो ७०० ग्रॅम. समुद्रकाठच्या पावसाळ्यात तो १८ टक्क्यांवर गेला तर तेच वजन होईल सुमारे २१ किलो ५०० ग्रॅम. माल तोच, माणूस तोच, गुन्हा तोच. बदलली ती फक्त हवा. कायद्यापुढे समानता हे तत्त्व हवामान खात्याच्या नोंदीवर अवलंबून असावे का, असा हा प्रश्न आहे.

अधिसूचनेत हे एक किलो आणि वीस किलो कोणत्या ओलाव्याला मोजायचे, याचा उल्लेख नाही. जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने नवे नियम केले. ते पूर्वीच्या स्थायी आदेशांपेक्षा अधिक सुसूत्र आहेत. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घ्यावेत, गांजाचा नमुना प्रत्येकी २४ ग्रॅमचा व दोन प्रतींत असावा, अशा गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. मुद्देमालाच्या यादीत पदार्थाचे नाव, गुणवत्ता, प्रमाण, बांधणी, खुणा यांचे रकाने आहेत. ओलाव्याचा रकाना नाही.

देशाच्या निरनिराळ्या भागांत काम करताना अनेक मालखाने माझ्या पाहण्यात आले. बहुतेकांची रचना सारखीच. एक लांबट खोली, वर पत्रा किंवा जुना गिलावा, एखादी खिडकी, तीही सुरक्षेसाठी बंद. जप्त मोटारसायकलींच्या शेजारी गोण्या. ओला माल प्लास्टिकच्या पोत्यात शिवून लाखेची मोहोर करून ठेवलेला. अशा पोत्यात काय होते हे गवताची गंजी ओली रचणारा शेतकरीही सांगेल. आतले तापमान वाढते, पाणी घामासारखे प्लास्टिकला धरते, बुरशी येते, माल कुजतो. तेथे काम करणाऱ्या शिपायाच्या फुप्फुसांचा विचार कोणीच केलेला नसतो. वर्ष-दोन वर्षांनी न्यायालयात पोते उघडले की वजन घटलेले असते. मग बचाव पक्षाचा वकील विचारतो की उरलेला माल गेला कुठे, आणि उलटतपासणीत उभा असलेला हवालदार इतकेच म्हणू शकतो की 'वाळला असेल, साहेब'.

हे उत्तर खरे असू शकते. खोटेही असू शकते. अडचण हीच आहे की ते तपासण्याचे साधन आपण जप्तीच्या दिवशीच गमावलेले असते. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ला, असे पोलिसांनी न्यायालयास सांगितल्याची बातमी देशभर गाजली आणि लोक हसले. पण मालखान्यातला नित्याचा उंदीर म्हणजे पाणी. ते रोज थोडे खाते, आवाज करीत नाही, आणि त्याच्या आडोशाला खरी चोरीही लपते. ओलावा मोजलेला असेल तर घट किती व्हायला हवी होती ते सांगता येते. त्याहून अधिक घट झाली तर जबाबदारी निश्चित करता येते. म्हणजे ओलाव्याची नोंद ही आरोपीची सोय नव्हे; प्रामाणिक कर्मचाऱ्याचे ते संरक्षण आहे.

शासनाला ओलावा मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये. गव्हाच्या सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याचे प्रमाण धरले जाते आणि १४ टक्क्यांपर्यंतचा गहू किंमत कापून घेतला जातो. धानाला १७ टक्क्यांची मर्यादा आहे. सोयाबीनला १२ टक्क्यांची अट होती. २०२४ च्या खरिपात ओल्या मालामुळे शेतकऱ्यांची कोंडी झाली तेव्हा केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, हे महाराष्ट्रातील व मध्य प्रदेशातील वाचकांना आठवत असेल. बाजार समितीच्या आवारात तळहातावर मावणारे यंत्र शेतकऱ्याच्या मूठभर दाण्यांचा ओलावा काही क्षणांत सांगते आणि त्यावर त्याचे पैसे कापले जातात. जिथे शासन देणे लागते तिथे पाण्याचा हिशेब थेंबाथेंबाने होतो. जिथे नागरिकाचे स्वातंत्र्य पणाला लागते तिथे पाणी सरसकट पदार्थात मोजले जाते. ही विसंगती मला खटकते.

याहून जवळचे उदाहरण अफूचे. त्याच एन.डी.पी.एस. कायद्याखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते. मंदसौर, नीमच भागातील मराठी कुटुंबांना ती परिचित आहे. शेतकऱ्याने आणलेल्या चिकाचे वजन जसेच्या तसे स्वीकारले जात नाही. ते ७० अंशांच्या प्रमाणित घट्टपणावर, म्हणजे शंभर भागांत सत्तर भाग घन आणि तीस भाग पाणी, असे रूपांतरित करून हिशेब केला जातो. पुढे गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत अफू उन्हात वाळवून निर्यातीसाठी ९० अंशांपर्यंत आणली जाते. एकाच कायद्याच्या एका प्रकरणात पाणी वजा करण्याची पक्की पद्धत आहे आणि दुसऱ्या प्रकरणात तिचा मागमूस नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग द्रव्य आयोगाने सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळी बंगालमधील नौगाव आणि मध्य प्रांतातील खांडवा ही परवान्याने गांजा पिकवण्याची केंद्रे होती. नौगावला चपटा, गोल आणि चुरा असे गांजाचे तीन प्रकार होते आणि त्यांवरील शुल्काचे दर वेगळे होते, कारण प्रत्येकात काड्यांचे प्रमाण वेगळे. ब्रिटिश अबकारी खात्याला आरोपीच्या हक्कांची काळजी होती असे नाही. त्याला महसुलाची काळजी होती. पण महसुलासाठी का होईना, वजन म्हणजे कशाचे वजन हा प्रश्न त्याने विचारला होता.

आजच्या काळात परदेशांनी काय केले तेही पाहावे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यात बदल केला आणि प्रौढांना घरी चार झाडांपर्यंत लावण्यास मुभा दिली. प्रांतांचे निर्बंध वेगवेगळे आहेत. सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगण्याची मर्यादा ३० ग्रॅम वाळलेल्या मालाची आहे आणि कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे की १ ग्रॅम वाळलेला माल म्हणजे ५ ग्रॅम ताजा माल. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडे लावता येतात आणि घरी ५० ग्रॅम बाळगता येतो. हे वजन वाळल्यानंतरचे धरावे, असे कायद्याचेच शब्द आहेत. घरी झाड लावणाऱ्याच्या हाती कापणीच्या दिवशी ओला ढीग असणारच, हे त्या विधिमंडळांनी गृहीत धरले. आपण त्यांचे धोरण स्वीकारावे असे मी येथे म्हणत नाही. आपल्याकडे परवान्याविना एक झाड लावणेही कलम २० खाली गुन्हा आहे, आणि टोरांटोच्या किंवा म्युनिकच्या नातेवाइकाचे ऐकून कोणी पुण्याच्या किंवा बडोद्याच्या गच्चीवर प्रयोग करू नये. पण धोरण कडक ठेवूनही व्याख्या नेमकी करता येते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, हे तस्करांना सुटकेची वाट दाखवणे आहे. माझे उत्तर असे की दोनशे किलो नेणारा तस्कर पाणी वजा करूनही व्यापारी प्रमाणातच राहतो. ओलाव्याने ज्याचे भवितव्य बदलते तो उंबरठ्यावरचा माणूस असतो, आणि तो बहुधा मजुरीसाठी पोते वाहणारा असतो, मालाचा मालक नसतो. दुसरा आक्षेप न्यायनिर्णयाचा. २००९ च्या अधिसूचनेनंतर आणि हीरा सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर मिश्रणाचे संपूर्ण वजन धरायचे हे निश्चित झाले आहे, मग पाणी का वगळावे? परंतु तो निकाल नफ्यासाठी मिसळलेल्या तटस्थ पदार्थांच्या संदर्भातला आहे. गांजातील पाणी कोणी मिसळलेले नसते. ते ऋतूने दिलेले असते आणि ऋतूच काढून घेतो. शिवाय देठ, मुळे, पाने यांसकट केलेल्या वजनाबद्दल उच्च न्यायालयांपुढे वारंवार वाद होतात आणि त्या कारणावरून जामीनही मिळतात. म्हणजे संदिग्धतेचा फायदा आजही आरोपीला मिळतोच, फक्त तो ज्याला चांगला वकील परवडतो त्यालाच मिळतो. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर पुढील सूचनांत आहे.

१) वजन करण्यापूर्वी शेंडे वेगळे करावेत, देठ, मुळे आणि सुटी पाने यांची नोंद स्वतंत्र असावी.

२) प्रमाणित ओलावा अधिसूचित करावा. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाची प्रयोगशाळा मार्गदर्शिका विश्लेषणापूर्वी नमुना वाळवण्यास सांगते, आणि अशा वाळलेल्या मालात साधारण ८ ते १३ टक्के पाणी असते. आपण १२ टक्के धरले तरी चालेल. आकडा कोणता यापेक्षा एक आकडा असणे महत्त्वाचे.

३) जप्तीच्या वेळचे वजन, ओलावा, खोलीचे तापमान आणि आर्द्रता अशा चार नोंदी पंचनाम्यात असाव्यात, आणि दंडाधिकाऱ्यांसमोरील यादीत त्या पुन्हा घ्याव्यात.

४) सर्वच प्रकरणांत काटेकोर मोजणी करण्याची गरज नाही. उंबरठ्याच्या जवळ, समजा ८०० ग्रॅम ते पाच किलो आणि १८ ते १०० किलो या पट्ट्यांत ती सक्तीची करावी. माल अगदी ओला असला तर वजनाचा पाचवा हिस्साच उरतो, म्हणून वरची बाजू रुंद ठेवली आहे. जिथे मापाच्या चुकीची किंमत सर्वाधिक तिथेच मापावर खर्च करावा, हे अर्थशास्त्राचे पहिल्या वर्षाचे तत्त्व आहे.

५) ओला माल प्लास्टिकमध्ये बंद करू नये. जिल्ह्यास एक कुलूपबंद, कॅमेऱ्याच्या देखरेखीखालील वाळवणीची खोली असावी. जाळीच्या मांडण्या, पंखा, बाष्पशोषक यंत्र आणि भिंतीवर आर्द्रतामापक इतके पुरे. वजन स्थिर होईपर्यंत ठराविक दिवसांनी नोंद घ्यावी आणि मगच मोहोर करावी.

६) कलम ५२-अ खालील विल्हेवाट वेळेत करावी. २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निर्देश दिले आहेत. जो माल साठून राहत नाही तो कुजत नाही आणि चोरीलाही जात नाही.

यांतील एकाही सूचनेस संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. एक सुधारित अधिसूचना, नियमांच्या नमुन्यात दोन जादा रकाने आणि काही हजार रुपयांची उपकरणे एवढ्यात काम होते. उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली आणि हिमाचल प्रदेशानेही २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासास मंजुरी दिली. कायदेशीर शेते वाढतील तसे परवाना, शुल्क आणि साठा यांसाठी ओलाव्याचे मानक लागणारच. ते तेव्हा व्यापाऱ्यासाठी केले जाईल. कोठडीत बसलेल्या माणसासाठी ते आजच करता येणे शक्य आहे.

शेतकऱ्याच्या गव्हातले पाणी आपण वजा करतो, कारण शासनाने पाण्याचे पैसे का द्यावेत असे आपल्याला वाटते. मग पाण्यासाठी माणसाने तुरुंगात का बसावे, याचेही उत्तर शासनाने द्यायला हवे.